कार्डाचे कर्ज आणि ठरलेला हप्ता

महोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांची चरित्रे असावीत, देणगीदारांची नामावली असावी, शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांची छायाचित्रे असावीत, असा संकेत आहे. अशा मंगल पानांत कर्जाचा विषय घेऊन येणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. तथापि आज आपल्या सभासदांच्या घरांत जे कर्ज सर्वांत निमूटपणे वाढत आहे, ज्याविषयी नवरा बायकोशी बोलत नाही आणि मुलगा बापाशी बोलत नाही, ते क्रेडिट कार्डाचे कर्ज होय. सावकार दारात येऊन बसला की गल्लीला कळते. कार्डाचे बिल मोबाइलच्या पडद्यावर येते आणि तेथेच झाकले जाते. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय मुलांना गणित शिकविण्याचा आहे. तेव्हा या विषयाकडे नीतीच्या नव्हे, गणिताच्या बाजूने पाहावे, एवढाच येथे हेतू आहे.

सिल्व्हासाच्या आसपास, आमली, मसाट, राखोली, खडोली या भागांत कारखाने वाढले तसा पगार रोख हातात मिळण्याऐवजी बँकेच्या खात्यात जमा होऊ लागला. पगाराचे खाते आले की त्यामागोमाग कार्डाचा प्रस्ताव येतो. दोनतीन महिन्यांचा पगार जमा झालेला दिसला, की फोन सुरू होतात. कार्ड ही वस्तू वास्तविक जुनीच आहे. अमेरिकेत १९५० साली डायनर्स क्लबने ते काढले, पण त्या कार्डाचे बिल महिनाअखेर पुरते चुकवावे लागे. खरा फरक पडला तो १९५८ साली. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो गावात बँक ऑफ अमेरिकेने साठ हजार लोकांना न मागता कार्डे पाठविली आणि त्यांबरोबर एक नवी सवलत दिली: बिल पुरते भरावयाचे नसेल तर थोडे भरा, बाकीचे पुढे ओढा. आपल्या देशात बँकेचे कार्ड आले ते १९८० साली, सेंट्रल बँकेचे. कार्डाच्या कर्जाची सारी कथा त्या एका सवलतीत आहे. पुरते बिल वेळेवर भरणाऱ्यास कार्ड म्हणजे पन्नासएक दिवसांपर्यंत मिळणारी बिनव्याजी उधारी. थोडे भरून बाकी पुढे ओढणाऱ्यास तेच कार्ड म्हणजे बाजारातील अत्यंत महागडे कर्ज.

बिलावर दोन आकडे छापलेले असतात. एक एकूण देय रक्कम, जिला आपण टोटल ड्यू म्हणतो. दुसरा किमान देय रक्कम, म्हणजे मिनिमम ड्यू. पहिला आकडा पाहून छाती दडपते, दुसरा पाहून हायसे वाटते. हे हायसे वाटणेच मोठे महाग पडते.

आकडे घेऊन पाहू. समजा कार्डावर पन्नास हजार रुपये बाकी आहेत. व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के धरू. पुष्कळ कार्डांवर तो एवढाच किंवा याहून थोडा अधिक असतो. साडेतीन टक्के ऐकताना लहान वाटतात, कारण आपले कान वर्षाच्या दराला सरावलेले आहेत. वर्षाचे ते बेचाळीस टक्के झाले. शिवाय कार्डाच्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी लागतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. घराच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर हा कर नाही. कार्डाच्या व्याजावर आहे. तेव्हा पहिल्या महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावर कर ३१५ रुपये, मिळून २,०६५ रुपये. आता बँकेने किमान रक्कम एकूण बाकीच्या पाच टक्के धरली, तर ती होते सुमारे २,६०० रुपये. गृहस्थ ती वेळेवर भरतो. त्यांतील २,०६५ व्याजाचे आणि कराचे. मुद्दलातून वजा झाले अवघे ५३८ रुपये. सव्वीसशे भरले आणि कर्ज साडेपाचशेनेही हलले नाही!

येथे कोणी म्हणेल, हलले तर खरे. हळूहळू का होईना, फिटेल. परंतु यात आणखी एक खोच आहे. किमान रक्कम ही बाकीच्या टक्केवारीवर ठरते. बाकी थोडी कमी झाली की पुढल्या महिन्याची किमान रक्कमही थोडी कमी होते. कर्जदाराला वाटते, ओझे हलके होत चालले. वस्तुतः बँकेने त्याची चाल मंद केलेली असते. हा हिशेब शेवटपर्यंत मांडून पाहिला, तर कार्ड एकदाही पुन्हा न वापरता, एकही तारीख न चुकविता, चौसष्ट महिने किमान रक्कम भरल्यावर पन्नास हजारांतील पंचवीस हजार अजून शिल्लक राहतात. त्या चौसष्ट महिन्यांत भरणा झालेला असतो एक लाख वीस हजारांहून अधिक. काही बँका किमान रक्कम निराळ्या रीतीने काढतात, सारे व्याज व कर आणि वर मुद्दलाचा एखाददुसरा टक्का. त्यानेही गती फारशी वाढत नाही.

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे वडील फीची मुदत वाढवून मागण्यास आले होते. सूत कारखान्यात पाळीचे काम, माणूस निर्व्यसनी. पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कार्डावर पन्नास हजार खर्च झाले होते. त्यांचे म्हणणे असे की, "सर, मी एक महिनासुद्धा चुकवला नाही. तीस महिने भरतोय. तरी बँक म्हणते छत्तीस हजार बाकी. काहीतरी लबाडी आहे." वर्गातल्या फळ्यावर हिशेब मांडला. तीस महिन्यांत त्यांनी भरले होते सुमारे सदुसष्ट हजार; आणि बाकी बरोबर छत्तीस हजारांच्या आसपासच निघाली. लबाडी कोठेच नव्हती. जे छापले होते तेच त्यांनी भरले होते. त्या महिन्याची किमान रक्कम १,८८० रुपये होती आणि ती भरण्यासाठीच मुलाची फी मागे ठेवायची होती. मनुष्य कष्टाळू असूनही आणि नियमित असूनही मागे पडतो, तो असा.

आता उपाय. तो इतका साधा आहे, की सांगताना संकोच वाटतो. बिलावरचा दुसरा आकडा पाहावयाचाच नाही. आपण आपली एक रक्कम ठरवावी, आणि बाकी कितीही कमी झाली तरी दरमहा तीच भरावी.

त्याच पन्नास हजारांच्या कर्जावर, पहिल्या महिन्याची किमान रक्कम २,६०० ही कायमची धरून ठेवली, एक पैसाही अधिक न घालता, तर कर्ज सव्वातीन वर्षांत संपते. एकूण भरणा सुमारे १,०१,६०० रुपये. हा काही स्वस्त सौदा नव्हे; तथापि चौसष्ट महिन्यांनी निम्मे उरणारे कर्ज एकोणचाळीस महिन्यांत समूळ गेले, आणि पहिल्या महिन्यातील खिशावरचा भार होता तेवढाच राहिला. दरमहा ३,००० भरले तर एकोणतीस हप्ते आणि एकूण ८६,४०० रुपये. म्हणजे महिन्याला चारशे रुपये अधिक घातल्याने दहा महिने वाचले आणि पंधरा हजार रुपये वाचले. ४,००० भरल्यास अठरा हप्ते, एकूण ७१,८०० रुपये. ५,००० भरल्यास तेरा हप्ते आणि वर एक छोटासा चौदावा. एकूण ६५,८०० रुपये.

वाचकांनी या आकड्यांतील एक गोष्ट जरूर न्याहाळावी. सव्वीसशेच्या जागी चार हजार भरले, म्हणजे भरणा दीडपट झाला. पण पहिल्या महिन्यात मुद्दल किती घटले? ५३८ च्या जागी १,९३५ रुपये, म्हणजे साडेतीनपटीहून अधिक. असे का व्हावे? कारण व्याज आणि कर यांचे २,०६५ रुपये दोन्ही वेळेस तेवढेच आहेत. ते एकदा चुकविले की त्यावरचा प्रत्येक रुपया सबंधच्या सबंध मुद्दलावर पडतो. विहिरीत दर तासाला वीस घागरी पाणी झरत असेल आणि आपण सव्वीस उपसत असू, तर तळ दिसण्यास दिवस लागतात. चाळीस उपसल्या तर उपसा दीडपट, पण पाणी उतरण्याचा वेग तिपटीहून अधिक. शिवाय मुद्दल उतरले की पुढच्या महिन्याचे व्याजही उतरते, म्हणून त्याच ठरलेल्या हप्त्यातील मोठा वाटा आपोआप मुद्दलाकडे वळतो. ठरलेला हप्ता दर महिन्याला आधीपेक्षा अधिक काम करीत जातो. किमान रक्कम भरणाऱ्यास हे फळ कधीच मिळत नाही. व्याज उतरले की त्याचा भरणाही उतरतो.

वर सांगितलेल्या गृहस्थांच्या छत्तीस हजारांचा हिशेब याच रीतीने केला. दरमहा तीन हजार ठरविले तर सतरा हप्त्यांत बाकी जवळजवळ शून्य. महिन्याला अकराशे रुपये अधिक कोठून आणायचे, हा प्रश्न उरलाच. तो फळ्यावर सुटणारा नव्हता. त्यांनी बायकोला विचारतो असे सांगितले. या घटकेपर्यंत बायकोला कार्डाची गोष्ट ठाऊक नव्हती.

हप्ता किती ठरवावा, याविषयी मत देणे भाग आहे. उत्साहाच्या भरात पहिल्या महिन्यास आठ हजार भरणारे आणि तिसऱ्या महिन्यास किराण्यासाठी पुन्हा तेच कार्ड काढणारे पुष्कळ पाहिले. घरभाडे, किराणा, फी, औषधपाणी, येण्याजाण्याचा खर्च हा सारा वहीवर मांडून, पडत्या महिन्यातही भरता येईल अशी रक्कम धरावी. ओव्हरटाइमचा पैसा हिशेबात धरू नये, कारण मागणी घटली की कारखान्यात सर्वांत आधी ओव्हरटाइमच बंद होतो. तो मिळाला तर वरकड म्हणून भरावा. दिवाळीच्या बोनसचेही तसेच. ज्यास कायद्याप्रमाणे बोनस लागू आहे त्यास निदान ८.३३ टक्के, म्हणजे ढोबळमानाने एका महिन्याच्या बोनसपात्र पगाराइतकी रक्कम हाती येते. तिचा निम्मा भाग कार्डात गेला तरी दोनतीन हप्ते एकदम पुढे सरकतात. भिशी लागलेल्या भगिनींनीही याचा विचार करावा. भिशीच्या पैशाचे कपाट घेणे आणि कार्डावर बेचाळीस टक्के देत राहणे, याचा अर्थ ते कपाट दीडपट किमतीस पडले असाच होतो.

हप्त्याचा दिवसही महत्त्वाचा आहे. बिलावर शेवटची तारीख असते, म्हणून आपण त्या तारखेपर्यंत थांबतो. पण बाकी पुढे ओढलेली असेल तर व्याजाची आकारणी दररोजच्या शिल्लकेवर चालू असते. सात तारखेस पगार झाला आणि बिलाची तारीख बावीस, तर चार हजार रुपये पंधरा दिवस आपल्या खात्यात पडून राहतात, आणि त्यांपायी व कराचे मिळून सुमारे ऐंशी रुपये जातात. ऐंशी रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे, असे म्हणणाऱ्याने बारा महिन्यांचा गुणाकार करावा. दुसरा लाभ पैशाचा नाही, स्वभावाचा आहे: खात्यात पडलेला पैसा पंधरा दिवस तसाच राहत नाही, हे आपण सारे जाणतो. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठराविक रक्कम आपोआप जावी, अशी सूचना बँकेच्या खात्यावर देऊन ठेवता येते. मात्र सूचना देताना सावध असावे. कार्डाच्या अर्जावरील आपोआप भरण्याच्या रकान्यात बहुधा दोनच पर्याय असतात, पुरते बिल अथवा किमान रक्कम. पुष्कळांनी कार्ड घेतेवेळी न वाचता दुसऱ्यावर खूण केलेली असते आणि वर्षानुवर्षे खात्यातून तेवढेच कापले जात असते. ही खूण आजच तपासावी.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कर्ज फिटेपर्यंत ते कार्ड वापरू नये. याला पथ्य म्हणा. मागील बिल पुरते भरलेले नसेल तर नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदत जाते. दुकानात कार्ड घासले त्याच दिवसापासून व्याज सुरू. डाळ-तांदूळ कार्डावर घेणारा मनुष्य बेचाळीस टक्क्यांची डाळ खातो. आणि कार्डाने एटीएममधून रोकड काढणे हे तर त्याहून वाईट. त्यावर बिनव्याजी मुदत कधीच नसते, व्याज पहिल्या दिवसापासून, आणि शिवाय काढण्याचे निराळे शुल्क. एका कार्डातून रोकड काढून दुसऱ्याची किमान रक्कम भरणारेही आहेत. त्यांची चिंता वाटते.

एकाहून अधिक कार्डे असतील तर काय करावे? सर्वांची किमान रक्कम भरावी, म्हणजे दंड आणि पत बिघडणे टळते. आणि उरलेली सगळी ताकद एकाच कार्डावर लावावी. गणित सांगते, ज्याचे व्याज सर्वांत अधिक त्यावर. अनुभव असा, की दोन दरांत फारसे अंतर नसेल तर सर्वांत लहान बाकी आधी संपविणे बरे पडते, कारण एक बिल कायमचे बंद झालेले पाहिले की घरातील माणसांना धीर येतो. एक कार्ड फिटले की त्याचा हप्ता घरखर्चात विरघळू न देता दुसऱ्या कार्डाच्या हप्त्यात मिळवावा. येथेच बहुतेकांचा पाय घसरतो.

आपल्याकडे आणखी एक विचित्र चाल आहे. मनुष्य बँकेत सात टक्क्यांची मुदत ठेव ठेवतो, ती मुलीच्या नावाची म्हणून मोडत नाही, आणि कार्डावर बेचाळीस टक्के देतो. ठेवीमागची भावना समजते. परंतु पन्नास हजारांच्या ठेवीचे वर्षाचे व्याज साडेतीन हजार, आणि पन्नास हजारांच्या कार्डाचे व्याज व कर पहिल्या दोनच महिन्यांत चार हजारांवर. ठेव मोडावी, कार्ड बंद करावे, आणि वाचलेल्या हप्त्यातून मुलीच्या नावे पुन्हा ठेव उभी करावी. दीड वर्षात ती पूर्वीहून मोठी होईल. नात्यातील कोणी बिनव्याजी रक्कम देणारा असेल, ज्याला आम्हा मुसलमानांत कर्जे-हसना म्हणतात, तर तो मार्ग सर्वांत उत्तम. मात्र त्याची परतफेडही लेखी आणि ठरलेल्या हप्त्यानेच करावी. आप्ताचा पैसा बिनव्याजी असतो म्हणून बिनमुदतीचा नसतो.

हे काहीच शक्य नसल्यास स्वस्त कर्ज काढून महाग कर्ज फेडणे हाही रीतसर उपाय आहे. पन्नास हजारांचे वैयक्तिक कर्ज वर्षाला पंधरा टक्क्यांनी अठरा महिन्यांसाठी मिळाले, तर हप्ता सुमारे ३,१२० रुपये आणि एकूण भरणा ५६,१५० रुपयांच्या घरात. कार्डावर चार हजारांच्या हप्त्याने त्याच अठरा महिन्यांत ७१,८०० जात होते. सोने तारण ठेवूनही असे करता येते. कार्डाची बाकीच हप्त्यांत बदलून देण्याची सोय बँका देतात. तेथे व्याज कमी असले तरी त्यावर जीएसटी लागतो आणि प्रक्रिया शुल्क असते, ते विचारून घ्यावे. पण या सर्व उपायांत एक विवर आहे. नवे कर्ज काढल्यावर जुने कार्ड रिकामे होते, आणि रिकामे कार्ड मोहाचे असते. वर्षभराने हातात कर्जही आहे आणि कार्डही भरलेले आहे, अशी घरे थोडी नाहीत. कर्जाचा पैसा कार्डात भरला की त्या कार्डाची मर्यादा बँकेला सांगून खाली आणावी.

कर्जाची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या या मुलखाचा इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या शेजारच्या डहाणू-तलासरी भागात आणि उंबरगावकडे, जो तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, लग्नगडी नावाची पद्धत होती. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडी रक्कम घेई, आणि तिच्यापायी नवराबायको दोघेही त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबत. मजुरीतून किती फिटले, मुद्दल किती उरले, याचा पत्ता त्यांना कधी लागत नसे. १९४५ साली किसान सभेच्या वतीने गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, तेव्हा त्या वेठीचा अंत झाला. त्याआधी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील रोखे आणि कागद बाहेर काढून जाळले होते. त्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या काळच्या कर्जदाराचा रोष कागदावर होता, कारण कागद सावकाराच्या हाती असे आणि तो त्याला वाचता येत नसे. आज कागद दरमहा आपल्याच हाती येतो. त्यात बाकी, व्याज, कर, शुल्क सारे वेगवेगळे लिहिलेले असते. तो न उघडणे हा मात्र आपलाच निर्णय असतो.

जुन्या मुंबई इलाख्यात न्यायालये दामदुपटीचा नियम मानीत, म्हणजे एका वेळी वसूल करावयाचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. कार्डाला असा काही अडसर आहे काय, असे लोक विचारतात. नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरविली होती. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द झाला. तेव्हा कोणी कायदा येऊन दर खाली आणील या आशेवर थांबण्यात अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेने मात्र २०२२ साली काही उपयुक्त नियम घालून दिले. किमान रक्कम भरूनही कर्ज वाढतच जाईल, इतकी ती कमी ठेवू नये. न भरलेले शुल्क व कर यांवर व्याज चढवू नये. तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्याशिवाय उशिराचा दंड लावू नये. आणि केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षे लांबेल, ही सूचना बिलावर द्यावी. ही सूचना बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून एकदा वाचावी.

ज्यांची थकबाकी फार झाली आहे, त्यांच्याकडे वसुलीचे एजंट येतात. सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर त्यांनी फोन करू नये, धमकी देऊ नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोभाटा करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे. ते मोडले जात असेल तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यास काही फी नाही. थकलेल्या कर्जदाराला बँक कधी कधी काही रक्कम सोडून तडजोड देऊ करते. निरुपाय असेल तर ती घ्यावी, पण ती सूट फुकट नसते. पतअहवालात "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि उद्या घरासाठी कर्ज मागताना तो समोर येतो. हा अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो मागवून पाहावा. आपण न घेतलेले कार्डही त्यात कधी कधी आढळते.

शेवटचा हप्ता भरल्यानंतरची गोष्ट राहिली. बाकी पुरती भरली तरी पुढील महिन्यात शेपन्नास रुपयांचे बिल येण्याचा संभव असतो. बिल तयार झाल्याचा दिवस आणि आपण पैसे भरल्याचा दिवस यांमधल्या काळाचे ते व्याज असते. कर्ज तर फिटले, असे समजून ते बिल टाकून दिल्यास त्यावर दंड चढतो आणि पतअहवालात थकबाकीदार म्हणून नोंद होते. म्हणून शेवटच्या हप्त्यापूर्वी बँकेला फोन करून त्या दिवसाची नेमकी रक्कम विचारावी, आणि पुढील बिल शून्याचे आलेले डोळ्यांनी पाहावे. कार्ड ठेवावयाचे नसेल तर बंद करण्याचा अर्ज लेखी अथवा ईमेलने करावा. बाकी शून्य असल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. न केल्यास पुढील प्रत्येक दिवसास पाचशे रुपये बँकेने ग्राहकास द्यावयाचे आहेत. कार्ड बंद झाल्याचे पत्र आणि काही येणे नसल्याचा दाखला मागून घ्यावा, आणि तो मुलांच्या जन्मदाखल्यांच्या फायलीत ठेवावा.